शेवट नसलेला जपानी पिक्चर

किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही. दुरुस्तीच्या दुकानात सुटे स्क्रू डबीत पडत राहतात, तसे ते पडत राहतात. एखाद्या दिवशी डबी उपडी केली की कळतं, अरे, हा त्या सेटचा स्क्रू! माझं रत्नागिरीत रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं, म्हणजे बोर्ड होता आणि कुलूप होतं. मी दुकानात कमीच असायचो. बायको म्हणायची, "तुमच्या पायाला भिंगरी आहे." आधीच भिंगरी, त्यात दत्ताने व्हीसीआर आणला. मग काय विचारता!

दत्ता माझा शाळेपासूनचा दोस्त, रत्नागिरीतल्याच मांडवी बंदरावरचा. बोटीवर इंजिनरूममध्ये कामाला. ऐंशीच्या दशकात आमच्याकडे व्हिडिओचं वेड नुकतं सुरू झालं होतं, तेव्हा एका सफरीहून येताना त्याने जपानचा छोटा कलर टीव्ही, व्हीसीआर आणि एक कॅसेट आणली. कॅसेटवर जपानी पिक्चर. त्यात माणसं नाहीत, सगळी हलती चित्रं, आणि तरी दोन तासांचा पिक्चर! "तिकडे मोठी माणसं थेटरात बसून हे बघतात आणि रडतात," दत्ता म्हणाला. आम्ही हसलो. चित्र बघून कोण रडतं?

*

आल्या दिवशीच सगळा खेळ आटोपणार होता. जपानचा सेट शंभर व्होल्टचा, आपली वीज दोनशे तीसची. जहाजाचं इंजिन खोलून जोडणारा हा गडी, पण घरी येताच पिन घेऊन सरळ सॉकेटकडे निघाला!

"अरे थांब, जळेल!" मी ओरडलो.

"जपानी माल आहे रे, सोसेल."

मी त्याच्या हातातून वायर हिसकावली आणि दोन दिवस खपून एक ट्रान्सफॉर्मर बांधला. वजनाला पाट्यासारखा. पुढे गावोगाव तो आम्ही एसटीतून नेला. एकदा कंडक्टरने पिशवी उचलायचा प्रयत्न केला, उचलेना.

"काय भरलंय यात?"

दत्ता म्हणाला, "अर्धा जपान."

*

पहिला खेळ दत्ताच्याच घरी, मांडवीला, रविवारी दुपारी. खिडक्यांना चादरी लावून काळोख केला. भाषा कुणालाच येईना, म्हणून दत्ताला भाषांतराला बसवला. त्याला बंदरावरचं जपानी येत होतं. पहिल्या अर्ध्या तासात त्याने तीनच वाक्यांचं मराठी केलं: "दोर सोड", "जेवलास का" आणि "ड्युटी संपली".

पण गोष्ट चित्रांतूनच कळत होती. समुद्रकाठचं गाव. एक बाप होडी घेऊन दूर जातो आणि परत येत नाही. त्याची मुलगी रोज संध्याकाळी खडकावर जाऊन उभी राहते. मधे वर्षं जातात, बाग फुलते, पाणचक्की फिरते, मुलगी मोठी होते. शेवटी एके दिवशी लांबवर एक शीड दिसतं. ती कपाळावर हात धरते, आणि...

खर्रर्र! पडद्यावर मुंग्या!

ज्याने कुणी हा पिक्चर टीव्हीवरून भरून दिला होता, त्याची टेपच तिथे संपली होती. घरात एकच गलका झाला. मांडवीच्या माणसांना मात्र शेवटापेक्षा दुसरीच चिंता. एक म्हातारा खलाशी तावातावाने उठला, "गावातला धूर एकीकडं जातोय नि शीड फुगलंय दुसरीकडं! असला वारा मी जन्मात बघितला नाय. हा बाप परत येईलच कसा? ह्याला होडी कुणी दिली?"

सगळ्या मांडवीने मान डोलावली. चित्र काढणाऱ्याची चूक, आणि नाव घालवलं त्या बिचाऱ्या बापाचं!

*

तिथून आम्हाला चटकच लागली. दत्ताची सुट्टी होती आणि माझ्या पायाला भिंगरी होतीच. पावस गावात अण्णा खोतांच्या पडवीत खेळ लावला. अण्णांच्या हापूसच्या बागा. माणूस तसा अबोल, पण आंब्यावर बोलायला लागला की एसटी चुकायची.

पिक्चर छान चालला होता. बाप, होडी, मुलगी, कुणी ब्र काढत नव्हतं. मग बागेचा सीन आला. जपानी पोरं झाडावर चढली आणि फांद्या गदागदा हलवायला लागली. पिवळी फळं धपाधप खाली.

"बंद करा!" अण्णा उभेच राहिले. "झेला नाही, काही नाही, फळ भुईवर पाडतात? देठ तुटला की चीक उडणार, डाग पडणार, चौथ्या दिवशी फळ कुजणार!"

"अण्णा, चित्रातलं फळ आहे हो."

"चित्रातलं असलं म्हणून काय झालं? बघणारी पोरं काय शिकतील?"

आणि खरंच, अण्णांनी खेळ थांबवून सगळ्या पोरांना अंगणात नेलं, लांब काठीच्या टोकाचा जाळीवाला झेला आणून देठासकट फळ कसं उतरवायचं ते दाखवलं, आणि मगच पुढचा पिक्चर लावू दिला. शेवटी मुंग्या आल्या तेव्हा अण्णा म्हणाले, "बाप येईल. पण मृगाच्या आत आला पाहिजे."

*

पोफळीची मजा वेगळी. तिथे कोयनेच्या पाण्यावर वीज होते. पॉवरहाऊसच्या कॉलनीत सगळी शिकलेली माणसं, बरीचशी घाटावरची. घाटगेसाहेब त्यांचे म्होरके, मूळचे कोल्हापूरचे. या घाटग्यांचा एक स्वभाव सांगून ठेवतो. वीज गेली की आमच्याकडे लोक गमतीने ओरडायचे, "पोफळी!" आणि घाटगे तिथे असले की लालबुंद व्हायचे. एकदा आमच्या दुकानात बसले असताना लाईट गेली, तर हा माणूस भर उन्हात खांब बघत बघत दोन फर्लांग चालत गेला आणि तारेवर पडलेली माडाची झावळी शोधूनच परत आला. "बघा! पोफळीचा काय बी संबंध न्हाई! आमची वीज कधी जात न्हाई, तुमची झाडं पडत्यात!"

कॉलनीतल्या क्लबात पिक्चर लावला. पाणचक्कीचा सीन आला आणि घाटगे ओरडले, "मागं घ्या!" मागं घेतला. "परत मागं!" पाच वेळा मागं घेतला. मग निकाल लागला.

"पाणी वरनं पडतंय आन् चाक उलटं फिरतंय! अशानं दिवा तरी लागंल का?"

"साहेब, ते दळण दळतायत," दत्ता म्हणाला.

"मग पीठ उलटं धान्य हुईल!"

शेवटावर तिथे चक्क मतदान झालं. बाप येतो, या बाजूने सतरा हात. विरुद्ध तीन. घाटगे तटस्थ. म्हणाले, "पुरावा न्हाई."

*

एका आतल्या गावात मात्र कुणी कसलीच चूक काढली नाही. संगमेश्वराकडे, डोंगरातलं गाव. तिथले बहुतेक पुरुष मुंबईला. देवळात खेळ, समोर सगळ्या बायका. शीड, बाग, चक्की, कुणाची कशाला हरकत नाही. ती मुलगी खडकावर उभी राहिली की तेवढ्यापुरत्या त्या पुढे सरकायच्या.

शेवटी मुंग्या आल्या. मी नेहमीप्रमाणे "टेप संपली" म्हणून माफी मागायला उठलो. एक म्हातारी पदर सारखा करत म्हणाली, "शिमग्याला येल बाय तो." आणि सगळ्या समाधानाने उठून घरी गेल्या. त्या गावात कुणीही शेवट विचारला नाही.

*

गणपती झाल्यावर दत्ता बोटीवर गेला. जाताना स्टँडवर त्याला निरोप द्यायला आम्ही सगळे. घाटगे ओरडले, "पुरावा आणा!" दत्ता खिडकीतून म्हणाला, "या खेपेला शेवट घेऊनच येतो."

त्याची बायको शैलावहिनी. बोलायला तिखट, मनाने गोड. टीव्ही, व्हीसीआर, कॅसेट सगळं तिच्याच घरात. दत्ताचं पत्र दर महिन्याला यायचं आणि ती त्यातलं थोडं मला वाचून दाखवायची, थोडं गाळायची.

संक्रांतीनंतर पत्रं थांबली.

पहिला महिना टपालखात्याच्या नावाने खडे फोडण्यात गेला. दुसऱ्या महिन्यात मी मुंबईला जाऊन कंपनीच्या ऑफिसात विचारून आलो. "बोट मार्गावर आहे," तेवढंच उत्तर. कुठला मार्ग, कुठलं बंदर, काही नाही. शिमगा आला आणि गेला. पालख्या नाचल्या, मुंबईची माणसं आली, होळी करून परत गेली. मला कुठेच चैन पडेना. दुकान उघडायचं, बंद करायचं, मांडवीला जायचं, दारापर्यंत जाऊन परत फिरायचं. वहिनी आतून ओरडायची, "भावजी, फेऱ्या कसल्या मारताय? काय विचारायचं ते विचारा, नाय तर चहा घ्या!" मी चहा घ्यायचो.

*

तेवढ्यात मांडवीच्या बायकांनी हट्ट धरला, पिक्चर परत लावा. मी टाळत होतो. वहिनीच म्हणाली, "लावा की. मीच लावते."

आता इथे एक कबूल करतो. दत्ता बोटीवर गेल्यापासून मी गावोगाव शेवट सांगायला लागलो होतो. मुंग्या आल्या की उठायचं आणि सांगून टाकायचं: ती होडी बापाची असते, तो येतो, संपलं. लोक टाळ्या वाजवायचे. त्या दिवशीही मुंग्या आल्या, मी उठलो. पुढे वहिनी बसलेली. मी कॅसेट बाहेर काढायला लागलो.

"बोला ना भावजी," ती म्हणाली. "थांबलात का?"

"येतो," मी म्हणालो. "बाप येतो."

"कधी?"

सगळ्या बायका माझ्याकडे बघायला लागल्या. मी ट्रान्सफॉर्मर तपासायला खाली वाकलो आणि बराच वेळ वाकलेलाच राहिलो.

दुसऱ्या दिवशी मी व्हीसीआर साफसफाईला नेला. कॅसेट लावून बघितली. अख्खी टेप स्वच्छ, आणि शेवटच्या पाच मिनिटांवर पांढऱ्या रेघाच रेघा. टेप तशी एकाच कारणाने होते. कुणीतरी तेवढीच पाच मिनिटं पुन्हा पुन्हा मागे घेऊन बघत होतं, किती महिने कोण जाणे. व्हीसीआर परत नेऊन दिला. वहिनी म्हणाली, "नीट चालतो ना?" मी म्हणालो, "चालतो."

*

आणि वैशाखात, भर दुपारी, दत्ता एसटीतून उतरला! खांद्याला बॅग, दाढी वाढलेली, निम्मा राहिलेला. बोटीचं इंजिन बसलं होतं आणि कुठल्याशा आडबंदरात हे सगळे अडकून पडले होते. पत्रं लिहिली होती त्याने. ती त्याच्यामागून आठवड्याने आली, पाचही एकदम. वहिनीने ती पोस्टमनकडून घेतली आणि दत्तालाच दिली, "घ्या, तुमचं पत्र आलंय. वाचा आता तुम्हीच."

सुटका झाल्यावर हा पठ्ठ्या जपानला पोचला आणि कॅसेट शोधून घेऊन आला! पूर्ण पिक्चर, शेवटासकट.

बातमी फुटायला कितीसा वेळ. रविवारी दुपारी मांडवीच्या घरात पाय ठेवायला जागा नाही. पावसहून अण्णा खोत आंब्याची पेटी घेऊन आले, देठासकट. पोफळीहून घाटगेसाहेब पहाटेच्या गाडीने. तो म्हातारा खलाशी पहिल्या रांगेत. चादरी लावल्या, ट्रान्सफॉर्मर जोडला. मी दत्ताला हळूच विचारलं, "शेवट काय रे?"

तो माझी नजर चुकवून टीव्हीकडे बघत म्हणाला, "बघ की."

वहिनी दाराशी उभी होती. तिने ते ऐकलं. दत्ताच्या तोंडाकडे जरा वेळ बघितलं.

पिक्चर सुरू झाला. शीड उलटं फुगलं, म्हाताऱ्याने शिवी दिली. फळं पडली, अण्णांनी डोळे मिटले. चाक उलटं फिरलं, घाटगे सुस्कारले. मग खडक. ती मुलगी. लांबवर शीड. तिने कपाळावर हात धरला. जिथे मुंग्या यायच्या तिथे आज मुंग्या आल्या नाहीत. शीड जवळ यायला लागलं. होडीत कुणीतरी उभं होतं. आता चेहरा दिसणार...

फट्! लाईट गेली. टीव्ही काळा.

"पोफळी!!" अख्खं घर ओरडलं.

घाटगे ताडकन उठले. "आवो, पोफळीचा काय संबंध!" म्हणत ते पडवीतल्या मीटरकडे धावले आणि त्यांच्यामागे मी. वाटेत मी खिडकीची चादर ओढली, तर समोरच्या घरातला पंखा गरगर फिरतोय. वीज कुठेही गेलेली नव्हती.

मीटरखाली शैलावहिनी उभी होती. पाठ भिंतीला लावलेली आणि मुठीत चिनीमातीचा फ्यूज. तिने तो लपवलाही नाही.

आतून ओरडा चालूच होता, "काय झालं? कधी येणार लाईट?"

घाटग्यांनी वहिनीकडे बघितलं. फ्यूजकडे बघितलं. समोरच्या घरातल्या फिरत्या पंख्याकडे बघितलं. मग आत तोंड करून मोठ्याने म्हणाले,

"पोफळीतनंच गेलीया! आज काय येत न्हाई. आंबे कापा!"