क्लोव्हिसला इंग्रजी येत नव्हती

नाँक ओवीद गप्प बसलेले मी आयुष्यात एकदाच पाहिले. तेही भर समुद्रकिनाऱ्यावर, रविवारी, चर्च सुटल्यावर, गावातला प्रत्येक माणूस एकाच वेळी बोलत असताना.

नाँक म्हणजे काका. ते माझे सख्खे काका नव्हेत, पण आमच्या खाडीवर केस पांढरे झाले की माणूस सगळ्यांचाच काका होतो. नाँक ओवीद पित्र यांचे केस तिशीतच पांढरे झाले होते म्हणे, त्यामुळे काकापदाचा त्यांचा अनुभव दांडगा. आयुष्यभर कोळंबीची बोट चालवली. बोट विकली, बायको गेली, गुडघे गेले. तोंड तेवढं पूर्वीसारखं चालू राहिलं.

ते बोलायचे आमच्या जुन्या फ्रेंचमध्ये. ही काही पॅरिसची फ्रेंच नव्हे. पॅरिसच्या माणसाला ती ऐकून आधी आपले पणजोबा आठवतील आणि मग भूक लागेल. गंबोत, म्हणजे आमच्या कोळंबीच्या दाट रश्शात, भेंडी घालावी की घालू नये या एका विषयावर नाँक दुपारपासून दिवेलागणीपर्यंत बोलू शकत आणि शेवटी आपलंच मत खोडून काढत. इंग्रजी त्यांना येत होती, पण ती त्यांनी तीन जणांसाठी राखून ठेवली होती: सरकार, डॉक्टर आणि कोळंबीचा व्यापारी. तिघांशीही कमीत कमी बोलावं, असं त्यांचं मत.

याला कारण शाळा. त्यांच्या लहानपणी शाळेत फ्रेंच बोलायला बंदी होती. मिस प्रुएट नावाच्या बाई होत्या. कुणाच्या तोंडून घरचा शब्द निसटला की त्या त्याला मक्याच्या दाण्यांवर गुडघे टेकून भिंतीकडे तोंड करून बसवत. नाँकच्या तोंडून शब्द निसटत नसत, वाहत असत. त्यामुळे फळा कसा दिसतो ते त्यांना शेवटपर्यंत नीट कळलं नाही. भिंत मात्र तोंडपाठ होती.

पूर्वी आमच्याकडे संध्याकाळी एकमेकांच्या ओसरीवर जाऊन बसायची पद्धत होती. त्याला ‘वेये’ म्हणायचे. बोलावणं लागत नसे, कारण लागत नसे, कॉफी लागायची. मग घराघरात टीव्ही आला, त्यामागून थंड हवेचं यंत्र आलं, आणि ते चालू करायचं म्हणजे दार लावून घ्यायचं. नाँकच्या ओसरीवरच्या दोन डुलत्या खुर्च्या तेवढ्या राहिल्या. एकीत ते. दुसरीत आधी अझेली, त्यांची बायको. ती गेल्यावर तिचा भाऊ क्लोव्हिस. हा क्लोव्हिस फारसा बोलत नसे. डोळे अर्धवट मिटून, तोंड किंचित उघडं ठेवून ऐकायचा आणि जेवायच्या वेळेला बरोबर जागा व्हायचा. पण नाँकची फ्रेंच कळणारा गावातला तो शेवटचा माणूस होता. तोही गेला, आणि दुसरी खुर्ची वारा सुटला की आपली आपणच डुलू लागली.

माझ्या पिढीकडे फ्रेंच उरली ती अशी: शिव्या, खायच्या पदार्थांची नावं, आणि ‘व्याँ’. व्याँ म्हणजे ये. पोराला, कुत्र्याला, पाहुण्याला, सगळ्यांना व्याँ. एवढ्या भांडवलावर नाँकशी गप्पा होत नाहीत. ते एक लांबलचक गोष्ट सांगायचे, मी मान डोलवायचो, आणि शेवटी ते इंग्रजीत विचारायचे, “काय कळलं?” मी म्हणायचो, “भेंडी.” बहुधा बरोबर निघायचं.

मग एका हिवाळ्यानंतर त्यांच्या घरामागच्या धक्क्यापाशी मगर येऊ लागली. आमच्या खाडीत मगर दिसणं म्हणजे इतरत्र म्हैस दिसण्यासारखं; कुणी मान वळवत नाही. पण ही यायची आणि थांबायची. पाण्याबाहेर फक्त डोळे आणि नाकपुड्या. डोळे अर्धवट मिटलेले. नाँकनी एक दिवस नीट निरखून पाहिलं आणि तिचं नाव क्लोव्हिस ठेवलं. नर की मादी हे तपासायला अर्थातच कोणी गेलं नाही.

माझं गळाच्या आमिषाचं आणि बर्फाचं दुकान त्यांच्या धक्क्याच्या समोरच्या काठाला आहे. रोज संध्याकाळी मला दिसायचं ते असं: नाँक धक्क्यावर बसलेत, हातवारे करून बोलतायत, मधेच “व्याँ, व्याँ” म्हणून एक पांढरा मार्शमेलो, म्हणजे पोरं खातात तो मऊ खाऊ, पाण्यात टाकतायत, आणि क्लोव्हिस तो अलगद तोंडात घेऊन पुढची गोष्ट ऐकायला थांबलाय. मार्शमेलो माझ्याच दुकानातले.

मी त्यांना एकदा बजावलं. म्हटलं, “नाँक, खायला घालू नका. हाकेला येणारी मगर जिवंत ठेवत नाहीत, तुम्हाला माहीत आहे.”

“मी कुठे खायला घालतो?” ते म्हणाले. “मी बोलतो. खायचं ते त्याचं तो बघतो.”

त्या वर्षी उन्हाळ्यात वरच्या नदीला पूर आला. खाडी फुगली, गढूळ पाणी समुद्राकडे धावू लागलं आणि क्लोव्हिस दिसेनासा झाला. नाँक रोज धक्क्यावर जाऊन बसत. दुकानात येऊन, जणू दुसऱ्याच कुणासाठी चौकशी करावी तसं, पाणी किती उतरलं, कुणाच्या जाळ्यात काही मोठं अडकलं का, विचारत. आणि जाताना मार्शमेलोची पुडी नेत. आधीची फोडलेली नव्हती हे मला माहीत होतं.

तो रविवार उजाडला तेव्हा ऊन कडक होतं आणि किनारा माणसांनी भरला होता. शहरातून आलेल्या लोकांनी छत्र्या रोवल्या होत्या. चर्चच्या बायकांनी नेहमीप्रमाणे कॉफीचं टेबल मांडलं होतं. त्या सगळ्याच्या मधोमध, ओल्या वाळूवर, खाऱ्या पाण्याने दमलेली एक मगर पडली होती. दोन माणसं लांबीला लागतील एवढी. लोकांनी भोवती गोल केला होता. “किती गरीब आहे बिचारी,” असं म्हणत जो तो तिच्याबरोबर फोटो काढत होता.

नाँक माझ्याच गाडीतून आले. वाटभर बोलत होते, उतरताना बोलत होते, गर्दीतून वाट काढतानाही बोलणं चालूच होतं. गोलाच्या आत पाऊल पडलं आणि मगरीचे मिटलेले डोळे उघडले. शेपटी वाळूवर एकदा हलली. नाँक वाक्याच्या मध्येच थांबले. ते वाक्य त्यांनी पुढे कधीच पुरं केलं नाही.

वरच्या गावाहून सरकारने धाडलेला मगर पकडणारा तोवर पोचला होता. वेन्डल त्याचं नाव. माणूस शांत, बोलायला इंग्रजी, हातात दोर. लोकांनी विचारलं, हिचं आता काय करणार? त्याने सरळ सांगितलं. पुरात वाहून आलेली रानटी मगर असेल तर तो तिला पश्चिमेच्या दलदलीत नेऊन सोडणार. पण कुणी खायला घालून सवय लावलेली असेल तर सोडता येत नाही. ती पुन्हा माणसांकडे येते, आणि मग कुणाचं तरी लेकरू जातं.

“कुणाच्या ओळखीची आहे का?” त्याने विचारलं. लोक हसले.

नाँक माझ्या शेजारी उभे होते. ओठ असे आवळलेले, की दातांची कवळी घरी विसरलेत असं वाटावं. लोकांना मगरीपेक्षा त्यांच्या गप्प बसण्याचं नवल. कुणी कोपर मारलं, कुणी विचारलं, “काय नाँक, आज मांजराने जीभ पळवली का?” ते नुसते मान हलवत होते. त्यांनी तोंड उघडलं तर क्लोव्हिस चालत येईल, हे फक्त आम्हा दोघांना ठाऊक होतं.

पण चांगल्या माणसांपासून कोण कुणाला वाचवणार? कॉफीच्या टेबलामागे अर्लीन होती. मनाने लोणी. तिला वाटलं, म्हाताऱ्याला ऊन लागलंय, बरं नाहीये. तिची सगळी फ्रेंच एका शब्दाची, तीही फक्त प्रेमाच्या वेळी वापरायची. तिने कप उंच धरून गोड आवाजात हाक मारली, “व्याँ, नाँक, व्याँ, व्याँ!”

क्लोव्हिस उठला. चारी पायांवर उभा राहिला आणि त्या आवाजाकडे, अगदी ओळखीच्या घरी निघाल्यासारखा, चालू लागला.

गरीब बिचारीचे सगळे मित्र पांगले. छत्र्या पडल्या. एका गृहस्थांनी तर स्वतःच्या बायकोला सोडून बर्फाची पेटी वाचवली. अर्लीन टेबलावर चढली, हातातली कॉफी मात्र सांडली नाही. वेन्डल तेवढा जागचा हलला नाही. त्याचा चेहरा उतरला. “हिला कुणीतरी हाक मारून खायला घालतंय,” तो हळू म्हणाला, दोर खाली ठेवला आणि गाडीकडे वळला. गाडीत काय असतं ते आम्हाला माहीत होतं.

तेव्हा नाँक पुढे झाले. गुडघे गेलेला माणूस, पण असा चालत गेला की मला अडवायला सुचलं नाही. एक घडीची खुर्ची उचलून ती त्यांनी वाळूवर आपटली आणि ओरडले. इंग्रजीत. आवाजही त्यांचा नव्हता. बारीक, कडक, बाईमाणसाचा.

“हे इथे चालणार नाही! लाज नाही वाटत? भिंतीकडे तोंड कर!”

रागावायची इंग्रजी त्यांनी आयुष्यात एकीकडूनच ऐकली होती.

क्लोव्हिस थांबला. नाँकनी खुर्ची पुन्हा आपटली, पायाने वाळू उडवली, तेच तेच ओरडत राहिले: भिंतीकडे, भिंतीकडे. क्लोव्हिसने त्यांच्याकडे पाहिलं. मग जबडा होता तेवढा उघडला आणि असा फुत्कारला की माझ्या पायाखालची वाळू थंड झाली. मागे सरकला, पुन्हा फुत्कारला, पाण्याच्या दिशेने वळू लागला.

“म्हातारबा, मागे व्हा,” म्हणत वेन्डल धावत आला. मगरीचा तो अवतार त्याने क्षणभर पाहिला आणि खाली ठेवलेला दोर उचलला. “नाही, नाही. ही पक्की रानटी आहे. मघाशी कॉफीच्या वासाला उठली असेल.”

दोर पडला, तोंडाला पट्टी बसली, चौघांनी उचलून मगर गाडीत घातली. नाँक तोवर खुर्ची उघडून तिच्यावर बसले होते, समुद्राकडे पाठ करून. कुणीतरी हसत विचारलं, “नाँक, समुद्रावर भिंत कुठली हो?” अर्लीनने त्यांच्या हातात कॉफी दिली. ती त्यांनी धरून ठेवली, प्यायले नाहीत. गाडी किनाऱ्यावरून वर चढून पश्चिमेच्या रस्त्याला लागेपर्यंत ते एक शब्द बोलले नाहीत. ती दिसेनाशी झाली तेव्हा अगदी हळू, मलाच ऐकू येईल एवढं, काहीतरी फ्रेंचमध्ये म्हणाले. मला कळलं नाही. भेंडी नव्हती एवढं नक्की.

त्यानंतर ते धक्क्यावर दिसेनात. एका संध्याकाळी दुकानात आले. “बर्फ दे,” म्हणाले, इंग्रजीत. एरवी माझ्याशी इंग्रजी ते नाइलाजानेच वापरत; बर्फ आजवर फ्रेंचमध्येच मागितला होता. मी सरकारही नव्हतो आणि डॉक्टरही. बर्फ घेतल्यावर गेले नाहीत. पेटीच्या झाकणावर टेकले.

“त्याला कळलं असेल का रे, मी होतो ते?”

“छे,” मी म्हणालो. “त्या इंग्रजीत तुम्ही मलाही ओळखू आला नाहीत.”

त्यांनी मान डोलवली. उत्तर पटलं, पण आवडलं असं दिसलं नाही. मग सवयीने हात मागच्या फळीकडे गेला आणि मार्शमेलोची पुडी हातात आली. ती ते बराच वेळ उलटसुलट करत राहिले. मी तिकडे बघत नाहीये असं दाखवायला गळ मोजू लागलो. पुडी फोडल्याचा आवाज आला. नाँकनी एक मार्शमेलो तोंडात टाकला, चघळला, आणि त्यांचं तोंड वाकडं झालं.

“हे इतकं गोड असतं?”

“तुम्ही कधी खाल्लाच नव्हता?”

“नाही.” त्यांनी पुडीत पुन्हा डोकावून पाहिलं. “क्लोव्हिस कधी काही बोलला नाही.”