नवऱ्याचं नाव

आंबागडच्या पायथ्याशी माझं गाव. तिथं मी मुलगा म्हणून जन्मले आणि चौथीपर्यंत मुलांच्या रांगेत बसले. एकोणिसाव्या वर्षी घर सोडलं. पवनीकडं, वैनगंगेकाठच्या एका गावात लुगडं नेसून राहू लागले. नवऱ्यानं टाकलेली आहे, असं सांगितलं; सासर म्हणून माझंच गाव सांगितलं. साल सत्त्याहत्तर-अठ्ठ्याहत्तर असेल. खरं कळलं तर काय होतं, हे मला ठाऊक होतं. लहानपणी तसल्या एकाला लोकांनी झाडाला बांधून मारताना मी पाहिलं होतं.

धान रोवणाऱ्या बायकांच्या म्होरकीनं मला आपल्या पडवीत ठेवून घेतलं. तिला मी मावशी म्हणे. चिखलात वाकून रोवणं दोन दिवसांत जमलं. बाकीचं अवघड होतं.

"अवं, पाटलावाणी फतकल मारून काय बसते?" मावशी टोकायची. बायका हसायच्या. मी पाय आवरून घ्यायची.

त्यांचं बोलणं मी ऐकत राही. एकीचं वाक्य दुसरी पुरं करते. नाही म्हणायचं असलं तरी आधी "पाहू न बाई" म्हणतात. हसू आलं की पदर तोंडाकडं जातो. मी थोडंच आणि हळू बोले. लाजरी आहे म्हणून खपून जाई. लाजरी मी होतेच.

एका दुपारी बांधावर भाकर खाताना एकीनं विचारलं, "तुया नवऱ्याचं नाव काय वं?"

मी पटकन सांगितलं. तोंडात आलं ते माझंच जुनं नाव होतं.

सगळ्यांचे घास थांबले. टाकलेली असली तरी बाई नवऱ्याचं नाव असं उच्चारत नाही. लाजते, आढेवेढे घेते, दुसरीला सांगायला लावते. हे मला कोणी शिकवलं नव्हतं.

"बैलाले हाक मारल्यावाणी नाव घेते हे," एक म्हणाली.

"राग हाये तिले. मारलं असन त्यानं," मावशी म्हणाली. पण माझ्याकडं पाहिलं नाही.

विचारणारी मात्र खूश झाली. "माझा भाऊ तुया सासराकडंच खाणीवर हाये, नाकाडोंगरीले. राखीले येते. त्याले पत्ता लावाले सांगतो."

राखीपर्यंत अकरा दिवस होते. पळाले असते तर संशय पक्का झाला असता. मी रोवत राहिले.

राखीच्या दुसऱ्या दिवशी ती बांधावर आली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "भाऊ म्हणे, त्या नावाचा एकच होता. त्याचं लगन झालंच नाही. पोरीवाणी चालत होता म्हणे. पळून गेला."

कोणी हसलं नाही. मावशी म्हणाली, "चला, रोवा." सगळ्या वाकल्या. माझ्या दोन्ही बाजूच्या बायका हातभर दूर सरकल्या.

दिवस कलला तशा त्या मला हाक न मारताच निघून गेल्या. मावशी तेवढी मागं राहिली. पाटाच्या पाण्यात पाय धूत म्हणाली, "गावात येऊ नको. डोंगा सुटाचा हाये अजून."

"माझं दुसरं लुगडं तुमच्या घरी हाये."

"राहू दे. जाय."

डोंगा नदीच्या मध्यावर गेला तेव्हा काठावर चार-पाच माणसं आली. एकाच्या हातात काठी होती.

डोंगेवाल्यानं विचारलं, "बाई, तुमचीच माणसं होत का? फिरवू?"

मी पदर पुढं ओढला आणि मान हलवून नाही म्हटलं. तोंड उघडलं असतं तर कुठला आवाज आला असता, कोण जाणे.