बुकित पंजांगमधली शेगडी

सिंगापुरात घर गरम करायला मी लाकूड शोधलेलं आहे.

हे ऑफिसात सांगितलं की लोक आधी माझ्याकडे बघतात आणि मग खिडकीबाहेर. बाहेर बाराही महिने अंगाला चिकटणारी हवा! पण डिसेंबरात इथे पाऊस असा बसतो की पारा जरासा घसरतो, आणि लगेच माणसं जाकीट घालून थंडीच्या गप्पा मारायला लागतात. नेमक्या त्या दिवसांत आमची मुलगी जन्माला आली, आणि तिच्या मागोमाग कराडहून माझ्या सासूबाई.

पहिल्यांदाच विमानात बसलेल्या सासूबाईंच्या बॅगेतून डिंकाचे लाडू, बाळंतशेपा, जुन्या नऊवारीची मऊ दुपटी आणि एक लोखंडी शेगडी निघाली. (हो, शेगडी! विमानतळावर बॅग उघडायला लावली, तेव्हा त्या म्हणे फक्त "नातीसाठी आहे" एवढंच म्हणाल्या. तपासणारा मुकाट बाजूला झाला.)

पण आमच्या बुकित पंजांगच्या फ्लॅटमध्ये त्यांना कामच नव्हतं. पाणी तापवायला उठल्या, तर नळालाच गरम पाणी. लंगोट शिवायला घेतले, तर कपाटात डायपरची थप्पी. धुरीचं नाव काढलं, तर बाळाजवळ धूर नको असं डॉक्टरांनी बजावलेलं. दर वेळी माझी बायको ऋजुता म्हणायची, "आई, तू बस ना गं जरा." आणि त्या बसायच्या. बसून बसून त्या इतक्या गप्प झाल्या की मला वाटायला लागलं, आपलंच काहीतरी चुकलंय. (लग्न झाल्यापासून मला तसं बऱ्याचदा वाटतं.)

एके सकाळी पाऊस थांबेचना. सासूबाई पदर खांद्यावर घट्ट ओढून माझ्यासमोर उभ्या राहिल्या.

"समीरराव, खोली गार पडलीय. शेगडी पेटवू या. लाकूड आणता का चांगलं?"

"आई, अगं इथे लोकांना उकडतंय!" आतून ऋजुता ओरडली.

"लोक बाळंत झालेत का?" सासूबाईंनी विचारलं.

ऋजुताने मला आत बोलावलं. बाळ तिच्या कुशीत झोपलं होतं आणि तिचे डोळे भरून आले होते. "आण रे लाकूड. मागच्या बाजूला पेटवू, ह्या खोलीचं दार बंद ठेवू. तिला माझ्यासाठी काहीतरी करायचंय, आणि मी नुसती नाही नाही म्हणतेय."

आता एवढं म्हटल्यावर मी काय मागे हटणार! मी ऑनलाइन 'सर्वोत्तम लाकूड' मागवलं. सफरचंदाचं. खोक्यावर मोठ्या अक्षरांत नाव आणि त्याखाली त्याहून मोठा फोटो.

सासूबाईंनी चष्मा लावला. "हे काय छापलंय?"

"जनावर आहे, आई."

"झोपलंय?"

"भाजलंय."

ते मांस भाजायचं लाकूड आहे हे कळताच त्यांनी पदर नाकाला लावला. "माझी नात शाकाहारी आहे, समीरराव." (नातीला अजून मानही धरता येत नव्हती.) "एवढी आंब्याची झाडं आहेत ह्या गावात. आंब्याचं साधं लाकूड मिळत नाही होय?"

सिंगापुरात रस्त्याकडेच्या झाडाला हात लावायची माझी हिंमत नव्हती. पण सेम्बावांगला राहणाऱ्या माझ्या मित्राच्या, अभिजितच्या, घरमालकाने अंगणातला आंबा नुकताच छाटला होता. मी फोन केला.

"फांदी? कशाला?"

"घर गरम करायला."

मग अभिजित अगदी हळुवारपणे म्हणाला, "समीर, झोप होतेय ना रे तुझी?"

फांदी माझ्यापेक्षा उंच निघाली. टॅक्सीवाल्याने काच खाली केली, फांदी पाहिली आणि काच वर केली. शेवटी ती चादरीत गुंडाळून मी एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, शिरलो. बाळाला धरावं तशी छातीशी धरून, पानं लोकांच्या नाकात जाऊ नयेत म्हणून दर स्टेशनला तिच्यासकट गोल फिरत! पुढे घराकडे जाणाऱ्या एलआरटी गाडीच्या चिमुकल्या डब्यात एका चिनी काकांनी कौतुकाने विचारलं, "वाह, ख्रिसमस ट्री आह?"

"यस, अंकल," मी म्हणालो. खरं सांगायला किमान सहा स्टेशनं लागली असती.

त्याच सुमारास माझ्या मानेवर काहीतरी चाललं. मग पाठीवर. मग जिथे चारचौघांत हात नेता येत नाही तिथे. आंब्याच्या पानांत लाल मुंग्यांचं घरटं होतं आणि त्यांना प्रवास आवडला नव्हता! उरलेला रस्ता मी डोळे मिटून, दात आवळून काढला. काकांना वाटलं मी नाताळची प्रार्थना करतोय. उतरताना त्यांनी माझ्यासाठी दार अडवून धरलं.

घरी सासूबाईंनी मुंग्या झटकल्या (फांदीवरच्या), सालीवर नख रोवलं आणि मान हलवली. "ओलं आहे हो."

एवढ्याशा गोष्टीवर हार मानायला मी इंजिनिअर झालेलो नाही. मी फांदीचे तुकडे केले आणि ओव्हनमध्ये ठेवले.

"काय करताय?"

"वाळवतोय, आई."

त्या काचेतून बराच वेळ आत बघत राहिल्या. "शिजलं की सांगा."

शेवटी स्वयंपाकघरामागच्या, कपडे वाळत घालायच्या जागेत शेगडी मांडली. सासूबाईंनी पदर खोचला. कित्येक दिवसांनी त्यांच्या चेहऱ्यावर तजेला आला होता. त्या आत ठेवलेली दुपटी शेकायला घेऊन आल्या, मी काडी ओढली, आणि लाकडाने आग सोडून बाकी सगळं दिलं! पांढरा, दाट, जिवंत धूर! मी पुठ्ठ्याने वारा घातला तसा तो सरळ घरात शिरला. छतावरचा अलार्म किंचाळायला लागला. मी अलार्मखाली स्टुलावर चढून पुठ्ठा हलवत होतो, सासूबाई शेगडीवर पाणी ओतत होत्या, ऋजुता बंद दाराआडून "बाळाला काही होत नाहीये, तू जिवंत आहेस का?" असं विचारत होती, आणि बेल वाजत होती.

दारात शेजारच्या रोहाना आंटी ओला टॉवेल घेऊन उभ्या. त्या सरळ मागे गेल्या. तिथे विझलेल्या शेगडीपाशी सासूबाई डोळे पुसत बसल्या होत्या. धुराने म्हणावं, तर धूर निवळला होता.

"एवढंसुद्धा जमलं नाही मला इथे," त्या म्हणाल्या.

आंटींना मराठीचा एक शब्द येत नाही. त्यांनी शेगडीकडे पाहिलं, काळवंडल्या दुपट्यांकडे पाहिलं, आणि स्वतःच्या पोटावर हात ठेवून विचारलं, "बेबी? फॉर द मदर?" मी होकारार्थी मान हलवताच त्या निघून गेल्या, आणि आल्या ते फडक्यात गुंडाळलेला गोल, जड, गरम दगड घेऊन. मलय बाळंतिणींना असाच दगड गॅसवर तापवून शेक देतात म्हणे. त्यांच्या आजीच्या काळात तर गावी खाटेखाली निखारे ठेवायचे.

मी हे मराठीत सांगितलं. सासूबाई उठूनच उभ्या राहिल्या. "खाटेखाली? अहो, आमच्यातही खाटेखालीच! विचारा त्यांना, लाकूड कुठलं?"

"खाडीतल्या झाडांचं म्हणतात."

"आणि ओलं चालायचं का त्यांना?"

हा प्रश्न मी भाषांतरित केला नाही. पण आंटींनी शेगडीतला माझा भाजका आंबा उचलून पाहिला आणि दोघी इतक्या हसल्या की ऋजुताने दार उघडलं.

मग सासूबाईंनी फडक्याची ऊब आपल्या गालाला लावून पाहिली आणि लेकीच्या कमरेवर हलक्या हाताने दगड फिरवायला घेतला. ऋजुताने डोळे मिटले. "आई," ती पुटपुटली, "थांबू नको." सासूबाई थांबल्या नाहीत. आंटी बाळाला मांडीवर घेऊन काहीतरी गुणगुणत होत्या. कोणालाच भाषांतर नको होतं, म्हणून मी बाहेर जाऊन मुंग्या चावलेल्या जागांना मलम लावत बसलो. उभ्या उभ्या.

संध्याकाळी सासूबाईंनी कराडला सासऱ्यांना फोन लावला. आवाज आता पहिल्यासारखा खणखणीत झाला होता, त्यामुळे मला भिंतीला कान लावावा लागला नाही.

"लेक मजेत, नात मजेत. शेजारीण तर बहिणीसारखी आहे," त्या सांगत होत्या. "आणि आपले जावई ना, फार गुणी हो! सांगाल ते करतात. फक्त त्यांना काही सांगू नये."