वालूर ते परभणी, घड्याळाच्या एका चाकासाठी

सोमवारी घड्याळाची घुंडी ओढून फिरवली, तर काटे जागचे हलेनात. तेव्हाच परभणीला जायचं ठरलं. मी निजाम सरकारच्या वालूरच्या शाळेत मास्तर आणि गावातलं एकुलतं एक चालतं घड्याळ माझ्या मनगटावर. शाळा उशिरा भरते, असा शेरा तपासणीच्या साहेबांनी दोनदा मारला होता. तिसऱ्यांदा मारला की घरी बसायचं, असं बजावूनच ते गेले होते आणि गुरुवारी पुन्हा येणार होते.

मंगळवारी पहाटे बैलगाडीनं सेलू गाठलं. या वाटेनं जाणाऱ्यांनी बुडाखाली गोधडीची जाड घडी जरूर घ्यावी. रस्ता आहे असं कागदावर लिहिलेलं आहे आणि बैल कागद वाचत नाहीत. सेलूहून परभणीचं रेल्वेचं तिकीट काढायला निजामाचे सुटे हाली शिक्के ठेवा, मोड मिळत नाही. भाकरी-ठेचा घरून नेलात तर उत्तम, नाहीतर मानवत रोडला भजी मिळतात. चहाबद्दल मी काही बोलत नाही.

परभणीत स्टेशनजवळच्या बोळात उस्तादांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान आहे. पांढरी दाढी, डोळ्याला भिंग. त्यांनी घड्याळ उघडलं आणि हसायलाच लागले.

"मास्तर, तुमच्या गावात वेळ रोज बदलती काय?"

"रोज नाही, दिवसातून तीन-चारदा," मी म्हणालो. खोटं कशाला बोलू? पाटलांची वेळ वेगळी, तहसिलातून आलेल्या कारकुनाची वेगळी, भटजींची पंचांगाची आणखी वेगळी. जो येतो तो माझं घड्याळ मागतो आणि आपल्या वेळेला लावून परत देतो.

"म्हणूनच. हे बघा, ह्याला क्लच म्हणतेत." उस्तादांनी चिमट्यात ज्वारीच्या दाण्याहून लहान दातेरी चाक धरलं. "घुंडीची दांडी इथं चौकोनी हाय, चाकाचं भोकबी चौकोनी. म्हणून चाक दांडीवर मागंपुढं सरकतं, पर दांडी फिरली की त्याला फिरावंच लागतं. घुंडी आत दाबलेली असली की वरचे दात चावीच्या चाकाला भिडतेत. मग फिरवा, स्प्रिंग भरती. घुंडी बाहेर ओढली की चाक खाली सरकतं, खालचे दात काट्यांच्या चाकाला धरतेत. मग फिरवा, काटे फिरतेत."

"दोन्ही एकदम?"

"न्हाई. मोटारीचे दोन गेर एकदम पडतेत का? एकतर चावी द्या, न्हाईतर वेळ बदला. तुमी वेळच लय बदलली. वरचे दात कोरे करकरीत, खालचे पार झिजलेत."

एका मेलेल्या घड्याळातलं चाक काढून त्यांनी माझ्या घड्याळात बसवलं. घुंडी ओढली, फिरवली आणि काटे हलले. मला इतका आनंद झाला की मी बायकोसाठी बांगड्या घेतल्या. रात्र सराईत काढली. ढेकूण तिथे फुकट आहेत.

बुधवारी परतलो. सेलू स्टेशनच्या घड्याळाला वेळ लावली आणि गावात शिरताना बाही खाली ओढून घेतली.

गुरुवारी बरोबर दहाला घंटा दिली आणि साहेब दारात हजर. पाटील त्यांच्यामागे हात जोडून.

"पाच मिनिटं उशीर," साहेब आपलं घड्याळ बघून म्हणाले. बोलता बोलता घड्याळाला चावी द्यायची त्यांना सवय होती. मी पाहिलं, त्यांची घुंडी बाहेर ओढलेली होती. सकाळी वेळ लावून आत दाबायची राहिली असणार. बोटं फिरत होती आणि मिनिटकाटा पुढे पळत होता.

"बेजबाबदारपणा आहे हा! पंधरा मिनिटं!" बोटं फिरतच होती. "शेवटची संधी दिली होती तुम्हाला. अर्धा तास, मास्तर!"

साहेब जितके रागावत, तितका मला उशीर होत होता. घुंडी आत दाबा, एवढे तीन शब्द माझ्या जिभेवर होते. घरी बायको आणि दोन लेकरं होती.

"बघा, चाळीस मिनिटं!"

"माझंच मागे आहे, साहेब," मी म्हणालो. घुंडी ओढली, नव्या दातांनी काटे झकास धरले आणि मी चाळीस मिनिटं पुढे गेलो. "गावाची वेळच चुकत होती. आजपासून आपल्या घड्याळाप्रमाणे."

साहेब शांत झाले. शेरा मारला तो असा: मास्तर आज्ञाधारक.

क्लच मला पुरता समजला होता आणि त्या दुपारी मला स्वतःची फार लाज वाटली. साहेबांची गाडी दिसेनाशी झाल्यावर मी काटे मागे घ्यायला घुंडीला हात घातला, तर पाटलांनी मनगटच धरलं.

"ऱ्हाऊ द्या मास्तर. सरकारी वेळ हाय ती."

आता माझं घड्याळ कुणी मागत नाही. पाटील, कारकून, भटजी, सगळ्यांची एकच वेळ, चाळीस मिनिटं चुकलेली. नोकरी शाबूत आहे. घंटा मीच देतो.