आईची वजरी

आमच्या हिंगोलीच्या घरी न्हाणीपाशी एक काळा दगड असायचा. वीतभर लांब, आणि अंगावर एकाला एक लागून उठलेल्या रेघा. टाचा घासायला इतकी खरखरीत वजरी सगळ्या गल्लीत नव्हती. आईला ती तिच्या आईनं लग्नात साखरा गावाहून दिलेली, तिथल्या ओढ्यात सापडलेली. माहेरची भांडी पुढं मोडीत गेली, वजरी तेवढी राहिली.

आठवडी बाजाराच्या आदल्या दिवशी गल्लीतल्या बायका आमच्या अंगणात जमायच्या. भेगाळल्या टाचांनी बाजारात जायचं म्हणजे नाक कापल्यासारखं. आई साखर उसनी द्यायची, पीठ द्यायची, पण वजरी घराबाहेर जाऊ द्यायची नाही. जिला घासायच्यात तिनं इथं बसून घासाव्यात. मग काय, पाय एकीचे आणि गप्पा साऱ्या गल्लीच्या. त्या संध्याकाळी मला फार आठवतात. आता घरोघरी प्लास्टिकचे ब्रश आहेत आणि अंगणात स्कूटर उभ्या असतात.

माझ्या लेकीच्या कॉलेजातले भूगर्भशास्त्राचे सर एकदा चहाला आले. हात धुवायला न्हाणीकडे गेले ते परत येईचनात. बघते तर उकिडवे बसून वजरी न्याहाळतायत. चहाचं पार पाणी झालं. म्हणाले, हा दगड नव्हे, हत्तीची दाढ आहे. हजारो वर्षांपूर्वी इथं चरणाऱ्या, आता नामशेष झालेल्या हत्तीची, दगड बनलेली. तेव्हा इथल्या ओढ्यांच्या काठानं माणसंही राहायची, दगड फोडून हत्यारं करायची, शिकारीमागं अनवाणी हिंडायची.

आईला हत्तीचं काही विशेष वाटलं नाही. त्या काळच्या बायका टाचा कशानं घासत असतील, एवढंच तिनं विचारलं. सर हसले. याचा पुरावा अजून कुणाला मिळाला नाही म्हणाले.

मग मुद्द्यावर आले. कॉलेजच्या संग्रहालयासाठी त्यांना दाढ हवी होती. मला तर वाटलं, द्यावी. न्हाणीपाशी पडण्यापेक्षा काचेच्या कपाटात मान मिळेल. पण माहेरचं आईकडं दुसरं काहीच उरलं नव्हतं.

"मी हाय तवर ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "मंग न्या."

सरांनी तिचा शब्द मानला, पुन्हा विषय काढला नाही. आई मात्र त्या दिवसापासून टाचा जरा हलक्या हातानं घासू लागली.

यंदा उन्हाळ्यात आई गेली. परवा मीच सरांना फोन केला. तिनं कबूल केलेलं मी कसं मोडणार? ते हळहळले. फोन ठेवता ठेवता म्हणाले, आणण्याआधी ब्रशनं स्वच्छ धुऊन घ्या, खाचांत माती असते.

बादली भरून, ब्रश घेऊन न्हाणीपाशी बसले. खाचांत खरंच माती होती, बारीक, करडी. आईच्या टाचांची. मला रडू आवरेना. बादली तशीच ओतून दिली. दाढ तिच्या जुन्या लुगड्यात गुंडाळली आणि न धुताच सरांच्या हातात दिली.