राहिलेली बारा पिंपं

गोदामात त्याला सगळे मास्तर म्हणत. शाळेत तो सातवीपर्यंतच बसला होता. काम पिंपं उतरवायचं. काही पिंपांवर लाल अक्षरांत इंग्रजी शब्द छापलेला असे: इनफ्लेमेबल. एकदा एक गडी तसल्याच पिंपाला टेकून सिगारेट पेटवत होता. मास्तरने हातातली काडी हिसकावली, तर गडी म्हणतो कसा, इनकम्प्लीट म्हणजे अपुरं, इनकरेक्ट म्हणजे चुकीचं, मग हे न पेटणारंच की.

मास्तर तडक कारकुनाकडे गेला. कारकुनाने जाडा शब्दकोश काढला. शब्द लॅटिनमधून आलेला. त्यातला 'इन' नकाराचा नव्हेच, तो 'आत'चा. ज्वाळेत लोटणं, पेटवणं, असं मूळ. लोक फसतात म्हणून आता पुष्कळ ठिकाणी नुसतं फ्लेमेबल लिहितात, अर्थ तोच. कारकून म्हणाला, शब्दांचं सोयरिकीसारखं असतं, घराणं विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये.

तेव्हापासून मास्तर तसल्या प्रत्येक पिंपावर खडूने आपल्या भाषेत लिही: पेटतं. चारही अंगांनी, कारण पिंप फिरलं की एक बाजू भिंतीकडे जाते. असं सोळा वर्षं चाललं. हळूहळू लाल अक्षरं वाचणं सगळ्यांनी सोडलं. खडू दिसला तर लांब, नाही दिसला तर बिनघोर. कुणी ठरवलं नव्हतं, अंगवळणी पडलं.

त्याचा धाकटा भाऊ तिथेच वेल्डर होता. त्या दिवशी तसली चाळीस पिंपं आली. मास्तरने अठ्ठावीस लिहिली. कंबर भरून आली. उरलेली बारा जेवून करू म्हणाला. तेवढ्या अर्ध्या तासात भावाने मांडणीचा तुटलेला पाय जोडायला घेतला आणि तो कोऱ्या पिंपांपैकी एकावर ठेवला. पहिल्याच ठिणगीला पिंप पेटलं.

तिसऱ्या दिवशी भाऊ गेला.

महिन्याभराने कंपनीचं पत्र आलं. पिंपावर सूचना स्पष्ट छापलेली होती, वेल्डरचा निष्काळजीपणा. भावजयीने पत्र मास्तरला वाचायला दिलं. ती भाकरी भाजायची थांबली नव्हती. नवऱ्यावरचा राग तिच्या हातांत दिसत होता. दोन लेकरं पदरात टाकून माणूस असा कसा वागतो, हेच ती महिनाभर येईल त्याला विचारत होती.

मास्तरला गप्प बसता आलं असतं. कारकून तोंड उघडणार नव्हता, गडीही नाही.

"तो निष्काळजी नव्हता," तो म्हणाला. "पिंपांवर 'पेटतं' असं खडूने लिहायचं काम माझं. बारा पिंपं मी तशीच ठेवून जेवायला गेलो."

तिचा हात थांबला. भाकरी तव्यावर करपू लागली तरी तिने ती उलटली नाही.

"म्हणजे हे बघूनच कामाला बसले होते."

"हो. बघूनच."

तिने पदर तोंडाला लावला आणि महिन्यात पहिल्यांदा नवऱ्यासाठी रडली. मास्तर उभाच होता. मग ती म्हणाली, "भाऊजी, आता जा. आणि मुलं मोठी होईपर्यंत या घरी येऊ नका."

त्याने चपला घातल्या.