एका वर्षाची ठेव

कराची सोडून मी कल्याणला धाकट्या दिरांकडे आले, तेव्हा आळीतले लोक मला ‘निर्वासित बाई’ म्हणत. मला त्याचा राग येई. भाषा तीच, देव तेच, पण जन्म कराचीचा, म्हणून इथे मी परकी. यजमान फाळणीआधीच वारले होते, मूलबाळ नव्हतं. तिथल्या मराठी शाळेत मी शिकवत असे. पगारातली शिल्लक बँकेत पाच वर्षांच्या मुदतीने ठेवली होती. मुदत भरायच्या आत देशच दुसरा झाला. ते पैसे इकडे यायला दोन वर्षं अर्ज करावे लागले, आणि आले तेही पुरते आले नाहीत.

आता ते कुठे ठेवायचे, यावर घरात बोलणं सुरू झालं. भाऊजी रेल्वेत होते. माणूस वाईट नव्हता, पण बाईच्या पैशाला पुरुषाचं नाव हवं, हे त्यांच्या मनात पक्कं होतं. बाजारातला एक भुसार व्यापारी त्यांच्या ओळखीचा, तो बँकेपेक्षा जास्त व्याज देई. मी बँकच म्हटलं. मग ते मला स्टेशनजवळच्या बँकेत घेऊन गेले.

अधिकारी सगळं भाऊजींना समजावत होता, जणू मी सोबतीला आले होते. बचत खात्यावर व्याज थोडं, मुदत ठेवीवर बरं. पण एकट्या बाईला पोस्टातली बारा वर्षांची सर्टिफिकेटं उत्तम, असं तो म्हणाला. मोडायचा मोह होत नाही, शिवाय देशालाही हातभार.

“मला एका वर्षाची ठेव हवी,” मी म्हटलं.

तेव्हा त्याने पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. “का हो बाई, देशावर विश्वास नाही तुमचा?”

“देशावर आहे. बारा वर्षांवर नाही.”

त्याने अर्ज भरून घेतला. नव्या खात्याला जुन्या खातेदाराची ओळख लागते, म्हणून त्याने कागद भाऊजींपुढे सरकवला. त्यांनी पेन उघडलं आणि पुन्हा बंद केलं. “वहिनी, ठेव दोघांच्या नावावर करा, मग सही करतो.”

मी उठले आणि एकटीच घरी आले.

आमची घरमालकीण आगरी होती. तिची शहाडकडची शेती कारखान्यात गेली होती आणि तिचे पैसे त्याच बँकेत होते. संध्याकाळी मी तिला घडलं ते सांगितलं. तिने फार विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी नवं लुगडं नेसून माझ्याबरोबर निघाली. अधिकारी चुळबुळला. सही करणारं कुणी असतं तर बरं, असं म्हणाला.

ती शांतपणे म्हणाली, “माजे पैसे घेताना आंगठा चालला ना तुमाला? मंग हिच्यासाटी का नाय चालत?”

त्याने शाईची डबी पुढे केली.

पावती माझ्या एकटीच्या नावाची झाली. ती मी लपवली नाही. घरी सरळ भाऊजींना दाखवली. ते कितीतरी दिवस माझ्याशी बोलले नाहीत. जाऊबाई मुकाट्याने वाढत आणि मी पोटभर जेवत असे. उपाशी राहून रुसायचं नाही, हे मी ठरवलं होतं.

वर्ष भरल्यावर डोंबिवलीत दोन खोल्या घेतल्या आणि एका खोलीत बालवर्ग काढला. उरलेले पैसे पुन्हा वर्षासाठी ठेवले, आणि पुढेही तसंच करत गेले. भाऊजी बालवर्ग बघायला आले, मुलांच्या बाकावर अवघडून बसून चहा प्यायले. तो व्यापारी काही बुडाला नाही. त्याने भाऊजींना शेवटपर्यंत चोख व्याज दिलं, आणि माझं किती नुकसान झालं ते भाऊजी मला दर दिवाळीला ऐकवत. त्यांचं गणित बरोबर असे, मी ते कधी खोडलं नाही. त्यांना फराळाचं ताट दिलं की मी म्हणत असे, “भाऊजी, नुकसान झालं तेही माझंच झालं ना? मग ते मला परवडलं.”